न तुटणारी जागा

"ताई, लेकराच्या पाण्यात दोन चमचे मीठ टाकत्यात व्हय?"

गयाबाईनं विचारलं तेव्हा मी एका लग्नपत्रिकेतली मामा-मावश्यांची नावं लावत होते. मान वर न करता म्हणाले, "नाही हो. अर्धा चमचा."

"मंग इथं दोन कामून लिवलंय?"

"कुठे?"

"ह्याच्यात. तुमच्याच पुस्तकात."

ती खाली गोणपाटावर बसली होती. पुढ्यात घडी घातलेल्या तावांची चळत, शेजारी पिना मारायचं यंत्र. सातवं पान तिनं गुडघ्यावर धरलं होतं आणि एका ओळीखाली तर्जनी टेकवली होती. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात ती दोन वर्षांपूर्वी वाचायला शिकली होती. तेव्हापासून हातात येईल ते वाचायची. लग्नपत्रिका, सेलची हँडबिलं, श्रद्धांजलीची कार्डं, काहीही. बोट ओळीवरून सरकायचं आणि ओठ त्याच्या मागून हलायचे.

"वाचा बरं मोठ्यानं," मी म्हणाले.

"सहा चमचे साखर आणि एक." बोट ओळीच्या टोकाला थांबलं. मग खालच्या ओळीच्या सुरुवातीला आलं. "दोन चमचा मीठ घालून चांगले ढवळावे."

मी खुर्चीवरून उठले. पान हातात घेतलं.

वरच्या ओळीच्या शेवटी एकाचा आकडा आणि तिरपी रेघ. दोनाचा आकडा पुढच्या ओळीत, मिठाच्या शेजारी. माझ्या डोळ्यांना ते अजूनही एक छेद दोनच दिसत होतं. शाळेत अपूर्णांक शिकलेल्या कुणालाही तसंच दिसलं असतं.

"आणि ही तिरपी काडी कसली वाटली तुम्हाला?"

"मला वाटलं, वाक्य संपलं."

ही दोन हजार बाराच्या जूनमधली गोष्ट. हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मुधोळकरांच्या छापखान्यात मी कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करायचे. छापखाना म्हणजे रस्त्याकडेचा एक लांबट गाळा. पुढे माझं टेबल, मध्ये गयाबाईची बाइंडिंगची जागा, मागे शेखचाचांचं ऑफसेट मशीन. मला तिथं चार वर्षं झाली होती आणि माझ्या कामात चूक निघत नाही असा माझा लौकिक होता. तो मी स्वतःच जरा जास्त पसरवला होता.

पुस्तिका आरोग्य केंद्राच्या डॉक्टर स्मिता इंगोले यांची होती. पावसाळ्यात वाड्या-तांड्यांवर हगवणीची साथ यायची. लहान मुलाला जुलाब सुरू झाले तर दवाखान्यात नेईपर्यंत घरी काय करायचं, ते सोळा पानांत सोप्या भाषेत त्यांनी लिहिलं होतं. तीन हजार प्रती. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचायत समितीच्या सभागृहात कार्यक्रम होऊन त्या सगळ्या तालुक्यात वाटल्या जाणार होत्या.

मॅडमनी कच्ची प्रत तपासून सही केली होती. तिच्यात हे वाक्य नीट होतं. एक छेद दोन ओळीच्या मधोमध होतं. पण जाताना त्या म्हणाल्या होत्या, "रेणुका, अक्षर थोडं मोठं कर. कंदिलाच्या उजेडातही वाचता आलं पाहिजे." मी चौदाचं अठरा केलं. अक्षर मोठं झालं तशा ओळी नव्यानं पडल्या. वरचे शब्द खाली सरकले, खालचे त्याच्याही खाली. चित्रं जागेवर आहेत ना, पानं सोळाच राहिली ना, एवढं मी पाहिलं. ओळी पुन्हा वाचल्या नाहीत. शिवाय रेघेच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडायची सवय माझीच होती, सुटसुटीत दिसतं म्हणून. कॉम्प्युटरला काय, जागा दिसली की तिथं ओळ तोडायची एवढंच त्याला ठाऊक.

मी मागे जाऊन शेखचाचांना विचारलं, "पुस्तिकेचे फर्मे किती झाले?" फर्मा म्हणजे आठ पानांचा एक ताव; सोळा पानांचे दोन फर्मे.

"पहिला, दुसरा, दोन्ही झाले. कामून?"

मुधोळकर काका जेवून आले तेव्हा मी पान घेऊन दारातच उभी होते. काका माणूस वाईट नव्हता. मात्र दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाला जिल्ह्याचे मोठे अधिकारी येणार होते आणि काकांना व्यासपीठाजवळ बसायचं आमंत्रण होतं.

त्यांनी चष्मा लावून पान पाहिलं. "बरोबर तर आहे. एक छेद दोन."

"ओळ तुटलीय काका. गयाबाईनं दोन चमचे वाचलं."

"अगं, गयाबाई काय डॉक्टर आहे?"

"पुस्तिका डॉक्टरांसाठी नाहीच आहे काका. ती गयाबाईसाठीच आहे."

गयाबाई खाली मान घालून घड्या घालत होती. आपल्यामुळे भांडण लागलं असं तिला वाटत असणार. काकांनी चष्मा काढला.

"तीन हजार ताव रद्दीत घालू? उद्या दहाला कार्यक्रम आहे. असं कर, छोटं शुद्धिपत्रक काढ, शेवटच्या पानाला चिकटवून टाकू."

"शुद्धिपत्रक कोण वाचतं?"

"मग मॅडमनी सही केलीय ना? जबाबदारी त्यांची."

"सही केली ती ओळ वेगळी होती. ही मी पाडलेली आहे."

मी काकांसमोरच मोबाईल काढला. चार वर्षांत त्यांना विचारल्याशिवाय गिऱ्हाइकाला मी कधी फोन केला नव्हता.

"मॅडम, रेणुका बोलतेय. पुस्तिकेत चूक झालीय. चूक माझी आहे." मी ओळ जशी छापली होती तशी वाचून दाखवली.

मग त्या म्हणाल्या, "लिटरला दोन चमचे म्हणजे चौपट मीठ. जुलाबानं आधीच सुकलेल्या लेकराला ते पाजलं तर ते आणखी सुकतं. आकडी येते. रेणुका, सकाळी चाळीस प्रती घेऊन जीप चार गावांना गेली आहे."

सकाळी त्या चाळीस प्रती गयाबाईनंच बांधून दिल्या होत्या. तेव्हा घाईत तिला वाचायला सवड मिळाली नव्हती.

"मी त्या गावांतल्या आशाताईंना फोन लावते," मॅडम म्हणाल्या. "तू तोवर पान दुरुस्त कर. आणि हे बघ, हाच मजकूर भिंतीवर लावायला मोठ्या अक्षरात पण हवा, आणि आशांच्या पिशवीत बसेल असा छोट्या कार्डावर पण. तिन्ही ठिकाणी बरोबर पाहिजे."

मी टेबलाशी बसले. पहिल्यांदा केलं ते सगळेच करतात. एकाच्या आकड्याआधी कर्सर ठेवला आणि एंटर मारला. एक छेद दोन एकत्र खाली गेलं, मिठाच्या शेजारी. पान छान दिसायला लागलं. मग भिंतीच्या कागदासाठी अक्षर मोठं केलं तर तो एंटर भलत्याच ठिकाणी ओळ तोडून बसला. "आणि" हा एकच शब्द एका ओळीत आणि पुढे सगळं रिकामं. छोट्या कार्डावर तर तीच गत दोनदा झाली. एंटरनं मी आजची ओळ सावरत होते. उद्या कुणी अक्षराला हात लावला की पुन्हा पडझड.

गयाबाई हळूच येऊन पाठीमागे उभी राहिली. "ताई, रागावू नगा. येक सांगू?"

"सांगा ना."

"अर्धा असं सरळ लिवा की. आपुन बोलताना एक काडी दोन म्हनतो व्हय?"

मग "१ / २" पुसून तिथं "अर्धा" टाइप केलं. शब्द होता तो. मधोमध तुटायचा प्रश्नच नव्हता.

पण बाकीचे आकडे होतेच. "१ लिटर", "६ चमचे", "२४ तासांत", "२ महिन्यांपेक्षा लहान बाळ". प्रत्येकात आकडा एकीकडे आणि शब्द दुसरीकडे पडायची भीती. पुस्तिकेत मी शोधलं, तर चौथ्या पानावर "दिवसातून ३" ओळीच्या टोकाला आणि "वेळा" पुढच्या पानावर सापडलं.

मी ड्रॉवरमधून माझी जुनी वही काढली. हिंगोलीला कॉम्प्युटरचा कोर्स केला तेव्हाची. तिथले सर शॉर्टकट धडाधड सांगत जायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. त्यातले निम्मे मी कधी वापरले नव्हते. चाळता चाळता एक ओळ सापडली: कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस एकदम दाबणे, न तुटणारी जागा. परीक्षेला येणार नाही म्हणून मी त्याच्यावर काट मारली होती.

आकड्यापुढची साधी जागा पुसली आणि तिन्ही बटणं एकदम दाबली. पडद्यावर काहीच वेगळं दिसलं नाही. मग लपलेल्या खुणा दाखवणारं बटण दाबलं. साध्या जागेवर ठिपका दिसतो. इथं बारीक गोल दिसला. अक्षर अठराचं चोवीस केलं. ओळीच्या टोकाला सहाला पुरेल एवढी जागा होती, चमच्यांना नव्हती. पण सहा एकटा मागे राहिला नाही. तो चमच्यांबरोबर खालच्या ओळीत गेला. पुन्हा चौदा केलं, तर दोघं जोडीनं वर आले. छत्तीस केलं, बारा केलं. काही केल्या सुटेनात.

"गयाबाई, बघा! बघा इकडे!"

"काय झालं?"

"हे आता तुटत नाही. कितीही मोठं करा, लहान करा, आकडा आणि चमचा बरोबरच राहणार."

"लगीन लावलं म्हना की तुमी त्यांचं," ती म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो. मागून शेखचाचांनी विचारलं, "कुणाचं लगीन?"

मग मी सोळाही पानं एकेक आकडा करत बांधून काढली. एकोणसत्तर ठिकाणं होती. पानं प्रिंटरवर काढली आणि गयाबाईला माझ्या खुर्चीवर बसवलं.

"इथं? मी?"

"वाचा. पहिल्यापासून. मी फक्त ऐकणार."

तिनं पदरानं हात पुसले आणि बोट टेकवलं. काका दारात उभे होते. पहिली दोन पानं ते उगीच रस्त्याकडे बघत राहिले. तिसऱ्या पानावर आत आले. पाचव्या पानावर गयाबाई "निर्जलीकरण" या शब्दाला अडली. तीन वेळा प्रयत्न करून म्हणाली, "ह्ये काई माझ्यानं व्हत न्हाई." मी मॅडमना विचारून "अंगातलं पाणी कमी होणे" केलं. सातव्या पानावर ती आली, "सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ," आणि न थांबता पुढे गेली.

काकांनी शेखचाचांकडे वळून सांगितलं, "मशीन धुवून घ्या. दोन्ही फर्मे नव्यानं लावायचे."

मला वाटलं नव्हतं ते एवढ्या सहज म्हणतील. नंतर त्या गाळ्यात मी आणखी नऊ वर्षं काढली. आता माझं स्वतःचं दुकान आहे. पण त्या दिवसापासून गयाबाईनं वाचल्याशिवाय मुधोळकरांकडून लोकांच्या हातात जाणारा एकही कागद मशीनवर चढला नाही. तिच्यासाठी काकांनी माझ्या शेजारी खुर्ची टाकली होती, हात असलेली.

शेखचाचा मशीन धुवायला लागले, तेवढ्यात मॅडमची जीप दारात येऊन थांबली. चार गावांना दहा-दहा प्रती गेल्या होत्या. तीन गावच्या आशाताईंनी फोन उचलला होता, प्रती पिशवीतच होत्या. चौथं गाव खडकवस्ती. तिथं मोबाईलला रेंज नव्हती.

"मी पण येते," मी म्हणाले. नवीन सातव्या पानाच्या दहा प्रती घेतल्या आणि जीपमध्ये चढले.

खडकवस्तीच्या आशाताईनं सकाळीच घरोघरी प्रती वाटून टाकल्या होत्या. आपण काम वेळेच्या आधी केलं म्हणून ती खुशीत होती. मॅडमनी कारण सांगितलं तसा तिचा चेहरा पडला. तिला बरोबर घेऊन आम्ही दारोदार गेलो. एका घरी पुस्तिका देव्हाऱ्यात ठेवलेली होती, एका घरी कोनाड्यात. नऊ परत मिळाल्या.

"दहावी सुमित्राला दिली," आशाताई म्हणाली आणि थबकली. "तिच्या लेकराला कालपासून जुलाब हायत."

मॅडम धावायलाच लागल्या. वस्तीच्या टोकाला पत्र्याचं घर होतं. दारात एक म्हातारी बसलेली. आत चोवीस-पंचवीस वर्षांची सुमित्रा मांडीवर वर्षाभराचं पोर घेऊन बसली होती. जवळ पाण्याचं पातेलं, वाटी, चमचा. आणि पुस्तिका, सातव्या पानावर उघडून पालथी घातलेली.

"पाजलं का?" मॅडमनी दारातूनच विचारलं.

सुमित्रा दचकली. "दोन चमचे दिलं. थुकून टाकलं त्यानं."

मॅडमनी पोराला घेतलं. डोळे, जीभ पाहिली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. कातडी लगेच खाली बसली. "ठीक आहे," त्या हळूच म्हणाल्या. मग पातेल्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"म्या बी चाखलं," सुमित्रा म्हणाली. "लई खारट लागलं. म्हनलं हे काई बरोबर न्हाई, ठेवलं बाजूला. पर ह्या म्हनल्या पाज."

"मंग?" म्हातारी दारातून बोलली. "एवढं छापून आलंय, त्ये खोटं आसंल व्हय? हिला लई कळतं. चौथी शिकली."

"धा येळा वाचलं म्या," सुमित्राचा आवाज बारीक झाला. "दोनच लिवलंय. म्हनलं माझीच जीभ बिघडली आसंल. आता पुन्यांदा पाजायला घेतच हुते."

चमचा तिच्या हाताजवळ भरून ठेवलेला होता.

मला वाटलं होतं, मॅडम बोलतील. त्या पोराला घेऊन बसल्या होत्या, बोलू शकल्या असत्या. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली तिच्यासमोर बसले.

"सुमित्राताई, तुमची जीभ बरोबर होती. पुस्तक चुकलं. ते मी छापलं."

"तुमी?"

"मी. ओळ तुटली आणि अर्ध्याचे दोन झाले. माझ्या हातून झालं. तुम्ही चाखलं नसतं तर..."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावेल, म्हणून मी तयारीत होते. पण तिच्या चेहऱ्यावर दुसरंच काहीतरी उजळत गेलं. तिनं मान वळवून दाराकडे पाहिलं.

"आत्याबाई, ऐकलं का? पुस्तक चुकलं हुतं. माझी जीभ न्हाई."

म्हातारी मला म्हणाली, "खरंच का वो बाई?"

"खरंच आजी. सून बरोबर होती."

म्हातारीनं पदर सावरला. उठून आत आली, पातेलं उचललं आणि ते पाणी बाहेर उकिरड्यावर ओतून आली.

मी पिशवीतून नवीन पान काढलं. "हे घ्या. दुरुस्त केलंय. मी वाचून दाखवते."

"नगं," सुमित्रा म्हणाली आणि हात पुढे केला. "द्या हिकडं. म्या वाचते. मंग सांगते बरोबर हाय का न्हाई."

तिनं पान उजेडाकडे धरलं. गुडघ्यावर हात ठेवून मी शाळेतल्या पोरीसारखी गप्प बसले. ती सावकाश, एकेक शब्द तोंडात घोळवत वाचत गेली. उकळून गार केलेलं पाणी, १ लिटर. सहा चमचे साखर. मग थांबली, मिठाची ओळ पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचली, आणि मान हलवली.

"हां," ती म्हणाली. "आता बरोबर लिवलंय तुमी."